रेघेवरचा दम

तळोद्याच्या बाजारात भट्टीपाशी बसून फुटाणे विकणारा तो माणूस दमेकरी होता. चाळणी दोनदा हलवली की छातीवर हात ठेवून थांबायचा.

त्या वर्षी खांडबाऱ्याशी आमचे हुतूतूचे तीन सामने झाले. एक त्यांनी जिंकला, एक आम्ही, आणि तिसरा माझ्या शेवटच्या चढाईवर आम्हाला मिळाला. मधल्या रेघेला हात लागण्याआधीच माझा दम तुटला, असं खांडबाऱ्याची मंडळी म्हणत होती. बाजाराच्या दिवशी भट्टीभोवती तोच वाद पेटला. आमचे लोक माझ्यासाठी शपथा घेत होते. मीही घेतली.

फुटाणेवाला आमच्याच गावचा, म्हणून कुणीतरी त्याला साक्षीला ओढलं. "बाबा, तू ते रेघपासच बठेल व्हता. सांग!"

धाप आवरत तो म्हणाला, "तुटना व्हता, भाऊ. ज्याले सोताना दम पुरत नही, त्याले दुसराना तुटेल बी ऐकू येस."

दम तुटला होता अशी साक्ष आपल्याच माणसाने दिली म्हणून आमची माणसं त्याच्यावर खवळली. त्या गलक्यात त्याने माझ्या ओंजळीत गरम फुटाणे ओतले आणि हळूच विचारलं, "त्या दिन लई धाप लागेल व्हती तुले. आते बरं शे ना?"

मी मान डोलावली. खरं बोलायला मात्र माझा दम पुरला नाही.