पाळीतल्या खोलीला ऊबदार रंग

देवाशपथ सांगतो, यात एक अक्षर खोटं नाही. म्हणजे, थोडं आहे. पण ते कुठलं, ते शेवटी सांगेन. आमच्या गोव्यातल्या पाळी गावात किस्से खाणीच्या धुळीसारखे साठतात. सकाळी झाडून काढावेत, तर संध्याकाळी पुन्हा तेवढेच! हे सगळे आमच्या घरातल्या एकाच खोलीतले. हसत सांगतो खरा, पण आठवलं की अजून डोकं तापतं.

* * *

त्या खोलीत माझी वहिनी शिवणकाम करायची. खिडकीपाशी मशीन, सकाळचं ऊन थेट सुईवर. मग खाणवाल्यांनी खिडकीसमोर माती टाकायला सुरुवात केली. डोंगर खणायचा, माल मुरगाव बंदराला पाठवायचा आणि उरलेली माती आमच्या उशाशी! बघता बघता ढिगारा छपराच्या वर गेला. ऊन यायचं बंद झालं.

एक दिवस वहिनीने शाळेतल्या बाईंच्या निळ्या ब्लाऊजला काळा दोरा मारला. बाईंनी पैसे चुकते केले. पुढचं कापड मात्र डिचोलीच्या शिंप्याकडे गेलं. मागोमाग आणखी तिघी गेल्या.

वहिनी दादाला म्हणाली, "असंच चाललं तर मशीन विकावी लागेल. जाऊन बोला तरी!"

* * *

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, त्याच खाणीवर ट्रक चालवायचा. तो मॅनेजरकडे गेला, पण टोपी हातात घेऊन.

मॅनेजर म्हणाला, "खोली डार्क आहे? मग वॉर्म कलर द्या! रंग कंपनी देईल."

दादा जग जिंकल्यासारखा परत आला. वहिनीने विचारलं, "आणि ढिगारा?"

"तो विषय निघाला नाही," दादा म्हणाला.

निघाला नाही! ढिगाऱ्याला काय पाय होते, आपण होऊन निघायला?

* * *

कोकणी-मराठीच्या आंदोलनाचे ते दिवस. आमच्या सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, रोज बैठक. भिकू कोकणीवाला, गुरुदास मराठीवाला. एकाने पिवळा म्हटलं की दुसऱ्याने गुलाबी म्हणायचं.

"पिवळ्याने उजेड वाढतो!" गुरुदास ओरडला.

"तुका कितें कळटा? गुलाबीच बरो!" भिकू उठून उभाच राहिला.

शेवटी वहिनी खिडकीकडे, म्हणजे आमच्या जनेलाकडे, बोट दाखवत बाहेर आली. "रंगावरून कसले भांडता? जनेलासमोरचा डोंगर दिसत ना तुम्हांला?"

दोघांचेही ट्रक खाणीवर लागलेले. भिकूने आणि गुरुदासने एकाच वेळी, एकाच भाषेत माना खाली घातल्या!

* * *

बांद्याहून तुळशीदास रंगारी आला. त्याने भिंतीवर चार रंगांचे पट्टे मारून दाखवले. त्यातला एक पिकल्या मानकुराद आंब्याच्या गरासारखा. तो बघून आमचा कोंबडा भर दुपारी आरवला! वहिनी कितीतरी दिवसांनी हसली. "हाच द्या."

संध्याकाळपर्यंत चारी भिंती आंबा झाल्या. तुळशीदास म्हणाला, "वयनी, रंग सुकाक वारो व्हयो. खिडकी उघडा."

वहिनीने उघडली. ढिगाऱ्यावर ट्रक रिकामे होतच होते. सकाळी बघतो तर ओल्या रंगावर सगळी धूळ चिकटलेली. आंब्याच्या भिंती खाणीच्या मातीसारख्या लाल.

तुळशीदासाने ब्रश धुऊन पिशवीत टाकला. "आता दुसरो हात मारूची गरज नाय!"

* * *

मग मॅनेजर आला, फोटोग्राफर घेऊन. कंपनीने गावासाठी काय काय केलं त्याचे फोटो हवे होते. भिंतीकडे बघून म्हणाला, "ब्यूटिफुल! किती वॉर्म! शेड कुठला?"

वहिनीने मशीनवरून मान वर केली नाही. "तुमच्याच खाणीचा, साहेब. जनेल उघडलं की घरपोच येतो."

साहेब हसला. तिने काहीतरी विनोद केला असावा, अशा समजुतीने मोठ्याने हसला! मग फोटोग्राफर म्हणाला, "सर, अंधार आहे. फ्लॅश लावावा लागेल."

लावला.

* * *

गोव्याचं राज्य झालं. पाऊस सरला, खाण पुन्हा सुरू झाली. एका सकाळी वहिनी मला म्हणाली, "भावजी, मशीनची एक बाजू धरा."

मला वाटलं, विकायला काढली. कुठं न्यायची, तेही मी विचारलं नाही. तिने नेऊन ठेवली ती रस्त्याच्या मधोमध, खाणीचे ट्रक जातात तिथे. स्टूल मांडलं, सुईत दोरा ओवला, आणि शिवायला बसली.

ट्रक थांबले. मागे रांग लागली, पार वळणापलीकडे. मॅनेजर जीपमधून उतरला. "बाई, हे काय चाललंय?"

"ब्लाऊज."

"इथे?"

"इथे उजेड आहे."

रांगेतला पहिला ट्रक दादाचा होता. दादाने तिच्याकडे बघितलं, साहेबाकडे बघितलं, आणि इंजिन बंद केलं. मग मागच्यानेही केलं. सगळा रस्ता गप्प झाला, फक्त मशीनचा आवाज. दुसरी बाही लागेपर्यंत एकही चाक हललं नाही.

कोंबडा खरा. चाकं हलली नाहीत, तेही खरं. फक्त दादाने इंजिन बंद केलं, तेवढं मी रचलंय. तो हॉर्न वाजवत होता.