रेघेबाहेरची पोरं

नंदुरबारच्या आमच्या आरोग्य कार्यालयात येणाऱ्या एक नर्सबाई माउस दोन बोटांनी धरायच्या, तव्यावरची गरम भाकरी उचलावी तसा. संगणकातल्या तक्त्यांना प्रश्न विचारायची भाषा, एसक्यूएल, त्यांना येत नव्हती. मलाही नव्हती, पण मी ते कुणाला कळू देत नसे. पडद्यावर जन्मांचा तक्ता आणि लसींचा तक्ता असे दोन चौकोन ओढायचे, मध्ये रेघ जोडायची, की डोस बाकी असलेल्यांची यादी तयार. एवढीच माझी विद्या.

त्या दिवशी यादी पाहून त्या म्हणाल्या, "भाऊ, ज्या पोरेसले एकबी सुई लागनी नही, त्या कोठे गयात?"

"सिस्टर, मशीन कधी चुकस का?" मी म्हणालो. सगळे हसले. यादी घेऊन लसीकरणाची गाडी डोंगरातल्या पाड्यांकडे निघूनही गेली.

बाई हसल्या नाहीत. रेघ फक्त दोन्ही तक्त्यांत असलेलीच नावं उचलत होती; तिच्यावर दोनदा टिचकी मारून त्यांनी 'जन्मांतली सगळी नावं' हा पर्याय निवडला. एकही सुई न लागलेली सात मुलं पडद्यावर उमटली. नावं लिहून घेऊन, लसींचा डबा खांद्याला लावून त्या एकट्याच एसटीने गेल्या.

पुढे त्यांची बदली झाली. माफी मागायची राहिली ती राहिलीच. घरी ही गोष्ट मी रंगवून सांगतो, पण त्यात ती रेघ अजून मीच बदलतो.