उंच केलेली पिकअप

आमच्या ह्यांना मनातलं सांगायचं नसलं की ते डिझेलचं बोलतात. लग्नानंतर थोड्याच दिवसांत मला ते कळलं होतं. माझ्या माहेरी धुळ्याला जायचं म्हटलं की गाडीचं ॲव्हरेज निघायचं. नणंदेशी ह्यांचं बिनसलं होतं, तर तिच्या घरचं लग्नसुद्धा डिझेलवर ढकललं. मी म्हणायचे, "अहो, सरळ सांगा ना, जायचं नाही म्हणून." तर म्हणायचे, "तसं नाही गं, घाटात गाडी फार पिते." शेवटी मी नाद सोडला.

सिल्वासात आलो तेव्हा ते कंपनीत हेल्पर होते. पुढे जुनी पिकअप घेतली आणि सुताचे कोन, खोकी, मिळेल तो माल ओढला. ती गाडी म्हणजे माझी सवत, असं मी आमलीतल्या आमच्या चाळीत सगळ्यांना सांगायचे. बायका हसायच्या आणि हेही हसायचे.

गेल्या दिवाळीच्या आधी ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. पुढे पाय ओढत चालू लागले, पण हात लोंबताच राहिला. स्टिअरिंग पोराकडे गेलं. पोरगा गुणाचा आहे, फक्त तोंडाचा फटकळ, माझ्यावर गेलाय. संध्याकाळी काम आटोपून आला की बाहेरूनच हॉर्न द्यायचा, "पप्पा, चला." मग हे त्याच्या शेजारी, क्लिनरच्या सीटवर बसायचे. त्याची एक रीत आम्ही बसवली होती. दाराकडे पाठ करायची, सीटवर टेकायचं, आणि मग मी त्यांचे दोन्ही पाय उचलून आत ठेवायचे. सीट बरोबर मांडीला लागायची म्हणून ते जमायचं. टोकरखाड्यापर्यंत एक चक्कर व्हायची. तिथल्या टपरीवर जुने ड्रायव्हर जमायचे, ह्यांना गाडीतच चहा आणून द्यायचे. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेला माणूस तिथं जाऊन बोलायचा, शिव्या द्यायचा, हसायचा. त्या एका चकरेवर ते जगत होते. दुसरं त्यांच्याकडे काही राहिलंच नव्हतं.

मग पोराला किलवणीच्या पुढे, पाड्यांवर सिमेंट-पत्रे पोचवायचं काम मिळालं. तिकडचे रस्ते पार उखडलेले. एकदा दगडावर आपटून गाडीचा चेंबर फुटला आणि सगळं ऑइल मातीत गेलं. त्या दिवशी त्यानं ठरवलं, गाडी वर उचलायची. मागे स्प्रिंगचे पाटे वाढवायचे, पुढूनही उचलून घ्यायची आणि मोठे टायर टाकायचे.

"ॲव्हरेज जाईल," हे म्हणाले.

"थोडं जाईल, पप्पा."

"जुनं इंजिन आहे. मोठा टायर फिरवायला त्याला जोर लागतो. आणि गाडी उंच झाली की वारा खाते."

"पाड्यावर मी काय शंभरनं पळवणार आहे का, वारा खायला?"

मला हसू आलं. मी पोराच्याच बाजूनं होते. रोज जेवताना तेच चालायचं. हे म्हणाले, आरटीओच्या पासिंगला अडकेल. पोरगा म्हणाला, ते मी बघतो. हे म्हणाले, क्लच जळेल. मग पोरानं तशीच उंच गाडी चालवणाऱ्या त्याच्या दोस्ताला फोन लावला, स्पीकरवर. दोस्त म्हणाला, "काका, डिझेल जरा जास्त जातं, पण फेरी वाया जात नाही." हे ताटातली भाजी चिवडत बसले, आणि थोड्या वेळानं म्हणाले, "तरी मला वाटतं, नको."

"पण का?" पोरानं विचारलं.

"डिझेल."

मी वैतागले. म्हटलं, "बस करा तुमचं ते डिझेल. कमावतोय तो, त्याला ठरवू द्या." त्यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "बरं."

काम होऊन गाडी दारात आली तेव्हा अख्खी चाळ बाहेर आली. दिसत होतीच तशी रुबाबदार. पोराचं तोंड फुललेलं. "पप्पा, पहिली चक्कर तुमची," तो म्हणाला. मी ह्यांना धुतलेला पांढरा शर्ट घातला होता. काठी टेकत ते गाडीच्या दारापाशी गेले, सवयीनं पाठ केली आणि टेकायला गेले. सीट पार कमरेच्या वर गेली होती. त्यांनी उजव्या हातानं मागे चाचपून बघितलं. चवड्यावर उभं राहून बघितलं. मग गाडीला पाठ लावून, सगळ्यांकडे तोंड करून नुसतेच उभे राहिले.

"थांबा, मी उचलतो," म्हणून पोरानं त्यांच्या काखेत हात घातला. शेजारचे दोघं धावले.

"हात लावू नका," हे म्हणाले. आवाज चढवला नाही. "मी काय गोणी आहे?" मग पोराला म्हणाले, "तू ये फिरवून." आणि घरात येऊन पडले.

पोरानं वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी पायरी करून आणली. तिच्यावर ह्यांचा डावा पाय ठरेना, पडता पडता वाचले. पोरगा रडकुंडीला आला. म्हणाला, गाडी परत खाली करतो, टायर विकून टाकतो. त्याला ह्यांनी असा झापला की विचारू नका. "धंद्याची गाडी आहे ती, बापाला फिरवायची नाही. खाली केलीस तर याद राख." मी म्हटलं, रिक्षानं जाऊ टपरीवर, रिक्षात तर तुम्ही आरामात बसता. तर म्हणाले, "ड्रायव्हर लोकांसमोर मी रिक्षातून उतरू?"

टपरी तेव्हापासून सुटली. पोरगा आता गाडी मागच्या गल्लीत लावतो आणि गुपचूप चालत घरी येतो. बापलेक एकमेकांशी पाण्यापावसाचं बोलतात. ह्यांचं तोंड परत भिंतीकडे लागलंय.

परवा दुपारी मी त्यांच्या डाव्या हाताला तेल चोळत होते. राहवलं नाही, विचारलंच. "अहो, चढता येणार नाही हे तुम्हाला आधीच कळलं होतं ना? मग नुसतं डिझेल डिझेल काय लावलं होतं? एकदा तोंडानं सांगायचं होतं."

त्यांनी भिंतीकडचं तोंड माझ्याकडे वळवलं.

"कोणाच्या तरी ध्यानात येईल, असं वाटलं होतं," ते म्हणाले.

भांडायला मी कधी मागे सरत नाही आणि त्या दिवशी तर माझी तयारीच होती. ते रागानं बोलले असते, तर मी भांडले असते.