मावशीचं वजन

दवाखान्यातल्या वजनकाट्यावर चढायची आम्हा सगळ्यांना भीती वाटायची. मावशी तेवढी हसत चढायची आणि सिस्टरनं लिहायच्या आधी आकडा स्वतःच मोठ्यानं सांगायची, "बहात्तर." पळसदरीची ही भरल्या अंगाची बाई आमच्यासारखीच एचआयव्हीच्या गोळ्या घेते, हे नव्या माणसाला खरं वाटत नसे.

मलाही वाटलं नव्हतं. मोहोपाड्याच्या कारखान्यातली नोकरी सुटली होती, वजन अडतीसवर आलं होतं, आणि कर्जतच्या दवाखान्यात बाकड्यावर मी भिंतीकडं तोंड करून बसलो होतो. मावशी शेजारी बसली आणि तिनं मनगट पुढं केलं. "धर. बोटं टेकतात का?" टेकत नव्हती. "मी बत्तीस किलोची हुते. नवरा गेला, त्याच्यामागं मलाबी न्यायची तयारी झालेली. तू गोळी चुकवू नको, मंग बघ."

पगार नाही, नेमणूक नाही, पण गोळ्या मिळायच्या दिवशी ती यायचीच. कुणी आलं नाही तर फोन करायची. "घरात काय नसंल तर पेज पी, पन गोळी घे." कोंडाण्याच्या सुनंदाला तिनं असंच धरून ठेवलं होतं. माझं वजन पन्नासवर गेलं, त्याच्या पुढच्या खेपेला तिनं घरच्या कोंबड्यांची अंडी उकडून अख्ख्या बाकड्याला वाटली.

मग एका उन्हाळ्यात ती स्वेटर घालून येऊ लागली. पदर तोंडाला धरून खोकायची. मनगट कुणापुढं करेना. काट्यावरचा आकडा मात्र फारसा हलला नव्हता. एकदा नळावर पाणी प्यायला वाकली आणि कमरेला बांधलेल्या फडक्यातून नदीतला गोटा खाली पडला. आत आणखी होते.

"हे काय मावशी?"

"कुनाला सांगू नको रं. मीच वाळले तर ही मानसं गोळ्या टाकून देतील."

"डॉक्टरांना तरी सांग."

"सांगते."

तिनं सांगितलं नाही. मीही नाही. खरं सांगायचं तर मला तिच्यापेक्षा माझी काळजी जास्त होती. ती धडधाकट आहे तोवर मीही जगणार, असं मी मनाशी धरून बसलो होतो.

पावसाळ्यात ती कोसळली. टीबी होता, फार पसरलेला. एचआयव्हीच्या जुन्या गोळ्याही लागू पडेनाशा झाल्या होत्या. "वजन तर ठीक होतं," सिस्टर पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. मी तिथंच उभा होतो. मावशीचे हात चादरीवर पडले होते. मला त्यांच्याकडं बघवेना.

"बाकड्यावर कुनी इचारलं, तर लेकीकडं गेलीय म्हन," ती म्हणाली. मी मान हलवली. आठव्या दिवशी ती गेली.

पुढच्या खेपेला सुनंदानं विचारलं, "मावशी कुटं हाय?"

लेकीकडं, हे शब्द ओठांवर आले होते.

"वारली," मी म्हणालो. "टीबीनं. चैतापासून खोकत हुती, अंग उतरलं हुतं. तिनं लपवलं. मला ठाऊक हुतं, मीबी बोललो नाय."

सुनंदा रडली नाही. माझ्याकडं बघितलंही नाही. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग नंबर आलेला नसतानाच उठून आत गेली. दार उघडंच होतं.

"सिस्टर," ती म्हणत होती, "मलाबी म्हैना झाला, खोकला हाय."