मेंढरांच्या पिशवीतल्या गोळ्या

दादा गेल्याचा फोन नामदेवानं केला. नामदेव आमचा चुलतभाऊ. दादा आणि तो एकाच कळपामागं चालायचे. "काविळीनं गेला म्हनं, ताई," असं तो म्हणाला आणि मी नुसतं "हो" म्हणाले. दादाला एचआयव्ही होता हे भावकीत फक्त मला ठाऊक होतं. त्यानं मला शपथ घातली होती. त्या शपथेची चीड महिना उलटला तरी जात नाही...

गोळ्यांवर तो ठणठणीत होता. त्याला जाच होता तो लपवण्याचा. दुष्काळात देवगाव रंगारीकडचा चारा संपला की कळप गंगापूरच्या अंगाला उतरायचा. शहरात आमच्या मुकुंदवाडीजवळ पूर्वी मेंढरं बसायची, तिथं कधीच प्लॉट पडले. उघड्या माळावर चार माणसांत गोळी घ्यायची कशी? म्हणून दादा गोळ्या मेंढरांच्या औषधाच्या पिशवीत ठेवायचा.

शहरात आला की मी त्याच्यासोबत दवाखान्यात जायचे. शरीराचीच प्रतिकारशक्ती वाढवून रोजच्या गोळीशिवाय विषाणू दाबून ठेवता येईल का, यावर शोध चालू आहे, हे त्यानं रेडिओवर ऐकलं होतं. दर खेपेला डॉक्टरांना तेच विचारायचा, "मॅडम, मेंढराला टोचलं की वरीसभर बघाया नको. आमचं तसं कवा?"

"प्रयोग चालू आहेत, हातात अजून काही नाही. तोवर गोळी सोडायची नाही," त्या म्हणायच्या.

बाहेर आल्यावर दादा म्हणायचा, "सुमे, गोळीचा कटाळा नाय गं. लपवायचा लई कटाळा आलाय."

मग एका उन्हाळ्यात मेंढरं आजारानं पटापट बसायला लागली. नामदेवानं पिशवीतलं होतं नव्हतं ते औषध पिठातून त्यांना चारलं. त्यात दादाच्या गोळ्याही गेल्या. तो काय बोलणार? कळप टाकून शहरात यायचं तर कारण सांगावं लागलं असतं. पाऊस पडेपर्यंत तो तसाच राहिला आणि आला तो टीबी घेऊन, हाडांचा सापळा होऊन. उपचार पुन्हा सुरू झाले, पण फार उशिरा. सगळ्यांना कावीळ सांगून तो गावी परतला आणि तिथंच गेला. रोज एक गोळी, एवढंच काम होतं हो. तेवढ्यासाठी माणूस गेला.

परवा नामदेव घरी आला. दादा माझ्याकडं एकच कप वापरायचा, स्वतः विसळून खिडकीत पालथा घालायचा. कपानं काही होत नाही, हे सांगून मी थकले होते. त्याच कपात नामदेवाला चहा दिला आणि सगळं सांगितलं, पिशवीतल्या गोळ्यांसकट.

त्यानं कप हातात फिरवून पाहिला. "दादाचाच ना ह्यो कप?"

"हो."

त्यानं चहा संपवला. "मला सांगाया काय झालं हुतं त्याला? म्या रोज त्याच्या हातावर ठिवली असती गोळी."