चुडामणभाऊंची शनिवारची उगवण

उषाताई आता स्वतःच हसत हसत कबूल करतात, की चुडामणभाऊ त्यांच्या शाळेच्या ऑफिसात कामाला आले तेव्हा त्यांनी माणूस साफ चुकीचा ओळखला होता. त्यांना वाटलं, हा खादाड आहे.

आता त्यात त्यांची तरी काय चूक? माणूस बघावा तर काडीसारखा, शर्ट हँगरला लावल्यासारखा लटकलेला. रोज सकाळी चांदनी गावाहून पॅसेंजरने यायचे, आणि पिशवीत डबे किती? दोन! दुपारी एक उघडायचे, कळण्याची भाकरी नि ठेचा खायचे, बोटं चाटायचे. दुसरा तसाच पिशवीत. उषाताईंनी हिशोब लावला, दुसरा परतीच्या गाडीत उडवत असणार. शेजारच्या मालतीबाईंना सांगूनसुद्धा झालं, "नवा कॉम्प्युटरवाला आलाय, अंगावर मास नाही, पण खाणं बघाल तर जावयाचं!"

तीन आठवडे त्यांनी दम धरला. उषाताईंच्या मानाने हे फारच झालं. मग एक दिवस विचारलंच, "चुडामणभाऊ, दोन डबे पुरतात ना हो? की वहिनींना तिसरा द्यायला सांगू?"

चुडामणभाऊंनी दुसरा डबा काढून टेबलावर ठेवला, झाकण उघडलं. आत टॉवेल, टॉवेलात गुंडाळलेली काळी, विटेच्या तुकड्याएवढी डिस्क.

"ह्याच्यात तीन शाळा आहेत ताई," ते म्हणाले. "खायला जड जातील."

उषाताई एवढ्या हसल्या की शिपाई लोटू पाणी घेऊन आला.

तर तीन शाळा म्हणजे काय, ते सांगायला पाहिजे. २०१४ सालची गोष्ट. संस्थेच्या शाळा तीन: राजपुऱ्यातली मुलींची, एक असीरगडची आणि एक स्टेशनकडची. तोपर्यंत प्रत्येकीचा कॉम्प्युटर वेगळा, त्याचा आजार वेगळा. कमिटीने ठरवलं, सगळं एकत्र करायचं. एक मोठं मशीन राजपुऱ्याच्या ऑफिसात आणून ठेवलं आणि तिन्ही कॉम्प्युटर त्याच्या पोटात घातले. म्हणजे बाहेर वेगळे डबे, वायरी नाहीत, पण आत तीन वेगवेगळे कॉम्प्युटर असल्यासारखे चालतात. त्यांना म्हणायचं वर्च्युअल मशीन. आणि तिघांना सांभाळून घेणारा जो प्रोग्राम, तो हायपरवायजर.

उषाताईंनी हे एका वाक्यात समजून घेतलं. "म्हणजे घर एक, सुना तीन, चुली वेगळ्या. आणि हा तुमचा हायपर का कोण, ती सासू."

"सासू चांगली असली तर हो," चुडामणभाऊ म्हणाले.

हे सगळं बघायला ठेवलेले हे चुडामणभाऊ. घरची केळीची नि कापसाची शेती, भाऊ बघायचा. हे आधी दूर एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायला होते. तिथे दोन वर्षं रोज बॅकअप घेतला. रोज! पडद्यावर हिरवी खूण यायची, साहेब खूश, हे खूश. आणि एक दिवस खरंच गरज पडली, तेव्हा उघडून बघितलं तर सहा महिन्यांपासून नुसत्या रिकाम्या फाइली. नाव आहे, आत काही नाही. कोणी रागावलं नाही त्यांना, उलट म्हणाले, तुझी काय चूक, खूण तर हिरवीच होती. तेच त्यांना जास्त लागलं. नोकरी सोडून आले घरी.

शेतकऱ्याचंच पोर ते. घरी बसल्या बसल्या भावाला बघत होते. भाऊ पेरणीआधी दहा सरक्या ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचा. चार-पाच दिवसांनी उघडायचा. आठ उगवल्या तर पोतं चांगलं. बियाण्याच्या पिशवीवर काय छापलंय, ते तो वाचतसुद्धा नसे.

तेव्हापासून चुडामणभाऊंचा शनिवारचा नेम पडला. त्याला ते उगवणच म्हणायचे. बॅकअप रोज रात्री दोनला आपोआप व्हायचा, बाहेरच्या डिस्कवर. डिस्का दोन. सकाळी आल्यावर रात्रीची भरलेली डिस्क काढून डब्यात, घरून आणलेली दुसरी मशीनला. संध्याकाळी डबा चांदनीला. ऑफिसला आग लागो, पूर येवो, एक प्रत गावाबाहेर. आणि दर शनिवारी, खोखोचे खांब नि फाटकी बॅडमिंटनची जाळी ठेवलेल्या खोलीत जे एक जुनं मशीन होतं, त्याच्यावर त्या बॅकअपमधून शाळेचा कॉम्प्युटर पुन्हा उभा करायचे. चालू झाला की दारातून हाक, "ताई, एक पोरगी सांगा!"

उषाताईंनी कुठल्याही मुलीचं नाव सांगायचं, ती तिथे सापडली पाहिजे, जन्मतारखेसकट. मग एका वहीत ताईंची सही.

सुरुवातीला ताई फार वैतागायच्या. "चुडामणभाऊ, शनिवार अर्धा दिवस असतो! देवाचं नाव घ्यायचं सोडून मी पोरींची घेऊ?" मग मात्र त्यांना त्यात मजा यायला लागली. मुद्दाम अवघड नावं द्यायच्या. आठ वर्षांपूर्वी शाळा सोडून गेलेली, मधे आडनाव बदललेली, एकाच वर्गातल्या दोन शारदा. चुडामणभाऊ काढून दाखवायचे. फक्त एका श्रावणातल्या शनिवारी मशीन उभं राहिलं नाही. केबल खराब निघाली. त्या दिवशी ते शेवटची गाडी पकडेपर्यंत बसले, नवी केबल आणून परत बॅकअप, परत उगवण. ताईंनी मालतीबाईंना सांगितलं, "वेडाच आहे गं. पण आपल्याच कामाचा वेडा."

आता पुढच्या वर्षीच्या दसऱ्याचं.

ऑफिसची रीत अशी, की सुट्टी लागायच्या आधी खंडेनवमीला दुपारी हत्यारांची पूजा. रजिस्टरं, पंचिंग मशीन, कागद कापायचा सुरा, शाळेची घंटासुद्धा. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, आणि मग दसरा होईपर्यंत कशाला हात लावायचा नाही. हत्याराला विश्रांती. त्या वर्षी मोठ्या मशीनलाही माळ.

आणि त्याच आठवड्यात दहावीचे फॉर्म. चारशे बारा मुली. उषाताईंनी एकेक फॉर्म स्वतः भरला होता. सगळ्याची फाइल बोर्डाच्या साइटवर चढवायची शेवटची तारीख शनिवार, संध्याकाळी पाच. म्हणजे सुट्टी संपून ऑफिस उघडेल तोच दिवस. एकतीस वर्षांच्या नोकरीत ताईंनी एक तारीख चुकवली नव्हती, आणि इथे चुकली तर ताईंचं काय जाणार? त्या चारशे बारा पोरींची परीक्षा जाणार.

नवमीला, बुधवारी, चुडामणभाऊ सकाळीच येऊन डिस्क बदलून लवकर निघाले. घरी मोटरपंपाची नि नांगराची पूजा होती. जाताना सांगून गेले, "माळ घाला, कुंकू लावा, पण बंद नका करू. करायचंच असलं तर मला फोन." ताईंनी बाराला शेवटचा फॉर्म भरला. पूजा झाली. मशीन आपलं घूं घूं करतंच आहे, दिवे लुकलुकताहेत.

"ताई, पूजेतलं हत्यार चालू कसं ठेवायचं?" लोटू म्हणाला.

ताईंनाही ते बरं दिसेना. "तीन दिवस रिकामं कशाला घुमू द्यायचं? कर बंद."

लोटूने यूपीएसचं मोठं बटण दाबलं. घूं घूं थांबलं. नमस्कार करून सगळे घरी.

शनिवारी ताई दहालाच हजर. बटण दाबलं. असीरगडची शाळा उघडली, स्टेशनकडची उघडली. राजपुऱ्याची उघडेना. काळा पडदा, पांढरी अक्षरं, की डिस्क वाचता येत नाही. पुन्हा केलं. तेच. ताईंनी घाईघाईने वरच्या मजल्यावरून मधुकर सरांना बोलावलं. सर शाळेत कॉम्प्युटर शिकवायचे.

सर म्हणाले, "घाबरू नका, मी मागच्या महिन्यात स्नॅपशॉट, म्हणजे मशीनचा जसाच्या तसा फोटो, घेऊन ठेवलाय."

तेवढ्यात चुडामणभाऊ दारात. सगळं ऐकून घेतलं, मशीनवरची सुकलेली माळ उचलून बाजूला ठेवली. "सर, तुमचा स्नॅपशॉट ह्याच मशीनच्या पोटात आहे ना? भिंत पडली तर भिंतीवरचा फोटो राहील का?"

"मग खोलीतल्या जुन्या मशीनवर मागच्या शनिवारची प्रत आहे की!" सर म्हणाले.

"त्याच्यात ह्या आठवड्याचे दीडशे फॉर्म नाहीत," ताई म्हणाल्या. आवाज एवढा बारीक, की लोटूने दचकून बघितलं. "चुडामणभाऊ, मीच सांगितलं बंद कर म्हणून. लोटूला नका बोलू."

"मी कोणालाच नाही बोलू राहिलो, ताई. दोन खुर्च्या आणा आणि चहा सांगा. टाइम लागेल." त्यांनी डब्यातून डिस्क काढली. मंगळवारच्या रात्रीची. बुधवारची रात्र तर मशीनने विश्रांती घेतली होती.

सर म्हणाले, "बिघडलेल्यावरच टाका सरळ, लवकर होईल."

"नाही सर. बिघडलेलं तसंच राहू द्या, शेजारी नवीन उभं करतो. नवीन नाहीच उगवलं, तर निदान जुन्याला हात लावायला जागा पाहिजे ना?" आणि त्यांनी नव्याची नेटवर्कची जोडणी आधी काढून ठेवली. ताईंनी विचारलं, का? "दोन्ही सुना एका नावाच्या, एका पत्त्याच्या. दोघी एकदम रस्त्यावर आल्या तर पोस्टमन कोणाला पत्र देईल? आधी नीट बघू, मग जुनीला घरी बसवू, मग हिला बाहेर काढू."

पडद्यावर एक निळी पट्टी सरकायला लागली. अकराला सात टक्के. साडेअकराला बावीस. ताई पट्टीकडे बघत बसल्या, जणू नजर हटवली तर ती मागे जाईल. मधे चुडामणभाऊंनी भाकरी खाल्ली. ताईंना राग आला, की ह्यांना घास कसा उतरतो. मग लक्षात आलं, हा माणूस गेलं दीड वर्ष दर शनिवारी हेच करतोय. ह्याच्यासाठी आज नुसता शनिवार आहे.

एक वाजून दहा मिनिटांनी पट्टी भरली. काळा पडदा, गोल गोल फिरणारं काहीतरी, आणि मग ताईंच्या ओळखीचा निळा पडदा, डाव्या कोपऱ्यात दाखल्याचा प्रोग्राम.

"ताई," चुडामणभाऊ म्हणाले, "एक पोरगी सांगा."

ताईंना एकही नाव आठवेना. चारशे बारा नावं तोंडपाठ, आणि एक येईना. शेवटी लोटू म्हणाला, "माझी नात सांगा ना ताई, निर्मला." निर्मला सापडली. जन्मतारीख बरोबर, फोटोसुद्धा.

जुनीला घरी बसवलं, नवी जोडली. बुधवारी सकाळी भरलेले फॉर्म तेवढे नव्हते, एकोणीस. कागद कपाटात होतेच. चुडामणभाऊंनी वाचायचे, ताईंनी टाइप करायचे. चार वाजून वीस मिनिटांनी फाइल चढली. पावती छापून निघाली, चारशे बारा. ताईंनी ती तीनदा वाचली, मग डोळे पुसले, आणि पुसून झाल्यावर लगेच भांडायला मोकळ्या झाल्या.

कारण चुडामणभाऊ एका कोऱ्या कागदावर लिहीत होते: मशीनची पूजा चालू ठेवूनच करावी.

"हे काय? दारावर लावणार?"

"मशीनवर."

"हे मला नाही पटत," ताई म्हणाल्या. "बंद करायची पद्धत चुकली, कबूल. पुढच्या वर्षी तुम्ही या, नीट आतून बंद करा. पण बंद पाहिजेच. पूजेतल्या हत्याराला विश्रांती द्यायची असते. आमच्या सासूबाईंपासूनची रीत आहे."

"बरं." चुडामणभाऊंनी पेन खाली ठेवलं. "घरी कशाकशाची पूजा केली ताई?"

"सगळ्याची. विळी, पाटा-वरवंटा, मिक्सर."

"विळीला हात लावला नाही?"

"नाही! भाजी आदल्या दिवशी चिरून ठेवते. विचारा मालतीबाईंना."

"मान गए," ते म्हणाले. "गॅसची नाही केली?"

"केली तर! पहिलं कुंकू शेगडीलाच असतं."

"मंग दसऱ्याच्या पुऱ्या कशावर तळल्या?"

मधुकर सर खिडकीबाहेर बघायला लागले. लोटू खोकला.

"पुऱ्या गरमच खायच्या असतात," ताई शेवटी म्हणाल्या.

"मशीनचंही तसंच आहे ताई," चुडामणभाऊ म्हणाले, आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला. "अक्षर तुमचं चांगलं आहे. तुम्हीच लिहा."

उषाताईंनी पेन घेतलं आणि ठळक अक्षरात तेच वाक्य लिहिलं.