झाडाला न टांगलेली सीडी

घरातल्या सगळ्या जुन्या सीड्या मी तिगावच्या आमच्या संत्र्याच्या बागेत टांगल्या होत्या. उन्हात चमकल्या की पोपट जवळ येत नाहीत. तेव्हा बायकोने एक सीडी माझ्या हातातून काढून घेतली. ती तिच्या छातीच्या स्कॅनची होती, मागे न्यूमोनिया झाला होता तेव्हाची.

"दुखण्याची वस्तू फळाच्या झाडाले नका टांगू," म्हणत तिने ती कपाटात ठेवली. मी हसलो होतो.

यंदा तिचा खोकला हटेना. नव्या स्कॅनमध्ये फुप्फुसावर डाग निघाला. पांढुर्ण्याचे आमचे डॉक्टर म्हणाले, "सर, जुन्या स्कॅनमध्येही हा डाग असंन, तर घाबरायचं काम नाही. पण माझ्या लॅपटॉपले सीडीची जागाच नाही. पेनड्राइव्हवर आणा."

मुलाच्या शिक्षणासाठी घेतलेला जुना कॉम्प्युटर घरी होता. सीडी घातली, दिवा लागला, पण स्क्रीनवर सीडी-ड्राइव्हचा पत्ताच नाही. केबल काढून पुन्हा खोचली. सेटिंगमध्ये पाहिलं, तर ड्राइव्हच्या नावापुढे बिघाडाची पिवळी खूण. मी जन्मभर गणित शिकवलं आणि तापट म्हणूनच गाजलो. त्या डब्याला नाही नाही ते बोललो.

"त्याच्यावर काहून चिडून राहिले? त्यानं काय केलं तुमचं?" बायको म्हणाली. मला भीती वाटत होती, आणि ती तिला दिसली होती.

मुलाने पुण्याहून फोनवर सांगितलं, "बाबा, ड्राइव्हची ती नोंद काढून टाका आणि कॉम्प्युटर बंद करून चालू करा. तो नव्याने ओळखंन." आहे तेही जायचं, म्हणून माझा हात धजेना.

"करा," ती म्हणाली.

केलं. ड्राइव्ह दिसला, सीडी उघडली, चित्रं पेनड्राइव्हवर उतरली. देव पावल्यासारखे दोघंही हसलो. तिने चहात साखर जास्तच घातली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दोन्ही चित्रं शेजारी लावली आणि बराच वेळ पाहिली. जुन्या चित्रात तो डाग नव्हता.

घरी आल्यावर तिने सीडी माझ्यापुढे धरली. "आता टांगून द्या हे. पाखरं तरी भेतील."

पुढच्या आठवड्यात नागपूरला ऑपरेशन आहे. सीडी मी परत कपाटात ठेवली. "बरी होऊन ये, मंग तूच टांग," एवढंच म्हणालो.